डोलकाठीवरचा विंच

माझा विंच त्यांनी उतरवून रॉकेलच्या बालदीत बुडवला होता.

"हे काय चाललंय?" होडक्यातून वर चढता चढताच मी विचारलं. काखेत चहाचा थर्मास, हातात घावनांचा डबा, आणि समोर डोलकाठीच्या अंगावर उघडी भोकं.

"विंच धुतोय," हे म्हणाले. मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत.

"धुवायला भोकं कशाला बुजवावी लागतात? त्या एकात लांबी भरलेली दिसतेय मला."

"जागा बदलतोय त्याची."

"कुणाला विचारून?"

आता त्यांनी वर बघितलं. नाकावर ग्रीसचा डाग, चष्मा कपाळावर. "कुंदा, आधी चहा दे. मग भांड."

चहा दिला. भांडण काही कुठं पळून जात नव्हतं.

या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. ती होडी गोव्यातल्या कुणा गृहस्थांकडे गेली आणि हे भिंतीवरच्या फोटोत गेले. पण तो ऑक्टोबर आठवला की अजून माझा जीव कासावीस होतो, म्हणून सांगतेय.

आमचे हे म्हणजे भालचंद्र मयेकर. सारा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला. वर्षातले नऊ-नऊ महिने मी मुलुंडच्या घरात मुलं वाढवतेय आणि हे कुठल्या तरी समुद्राच्या पोटात, लोखंडाच्या धडधडाटात. निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस पाण्याचं तोंड बघणार नाही. तर यांनी काय करावं? गोव्यात एका फ्रेंच म्हाताऱ्याची शिडाची होडी विकाऊ होती, ती घेतली आणि थेट विजयदुर्गला, माझ्या माहेरच्या खाडीत आणून नांगरली. आत झोपायला दोन बाकं, एक शेगडी, मागं बसायला मोकळा खळगा, आणि खाडीतून आत-बाहेर करण्यापुरतं एक लहानसं इंजिन. तिचं नाव ठेवलं 'सुरंगी'. वर्षातले काही महिने मुलुंडला, बाकीचे तिथं, असं आमचं सुरू झालं. मी म्हटलं, आयुष्यभर इंजिनं सांभाळलीत, आता वाऱ्यावर चालणारं हवंय होय? म्हणाले, "एवढी वर्षं समुद्रावर होतो गं, पण समुद्र बघितला कुठं? खाली इंजिनच बघितलं."

आणि मी? मी तर गाबिताची पोर. वडिलांचा शिडाचा मचवा होता. धक्क्यावर उभी राहून तो जाताना बघायचा, येताना बघायचा, एवढाच माझा वाटा. बाईचा पाय लागला की मासळी रुसते, असं आमच्याकडं मानत. भाऊ माझ्याहून लहान, नाक पुसायची अक्कल नव्हती, पण तो मचव्यावर जायचा. मी धक्क्यावर. वडील डोलकाठीपाशी उभे राहून खलाशांवर ओरडायचे, "हबेस! हबेस!" म्हणजे ओढा, ओढा. आणि परत येताना "आरिया!" म्हणजे सोडा. मी घरी येऊन वाशाला दोरी बांधायची आणि एकटीच ओरडायची. आई चिडायची. म्हणायची, पोरीच्या जातीला हे शोभतं का?

तर पन्नाशी उलटल्यावर माझ्या नवऱ्यानं मला डोलकाठीपाशी उभं केलं. मोठ्या शिडाचा दोर डोलकाठीच्या टोकावरून खाली येतो. खाली डोलकाठीलाच तो विंच बसवलेला होता, वीतभर उंचीचा लोखंडी ढोल. त्याला दोराचे तीन वेढे घालायचे, हँडल लावायचं आणि फिरवायचं. शीड वर चढतं. हे मागं सुकाणूचा दांडा धरून, होडीचं नाक वाऱ्यात ठेवून बसणार, आणि मी पुढं. शीड वर पोचलं की मी ओरडायचं, "चढलं!" मग हे होडी वळवणार, शिडात वारा भरणार, होडी एका अंगावर कलणार आणि निघणार. त्या क्षणी डोलकाठीला हात लावून बघावं. आतून थरथरते. मी दर वेळी हात लावायची. घरात 'अहो, जेवायला येता ना', आणि होडीत 'आरिया!', 'हबेस!', 'अजून सोडा!' असा माझा हुकूम चालायचा. मला त्याचं काय वेड लागलं होतं, कसं सांगू!

आणि त्या सकाळी माझा विंच बालदीत.

"सगळे दोर मागं आणायचे," चहाचा घोट घेत हे म्हणाले. केबिनच्या टपावर त्यांनी खडूनं रेघा मारून ठेवल्या होत्या. "डोलकाठीच्या बुडाशी कप्प्या लावायच्या. दोर खाली आला की कप्पीतून वळणार, टपावरून सरळ मागं येणार. इथं एका रांगेत दोर पकडून ठेवणारे चाप, आणि इथं दाराशेजारी तुझा विंच. बसल्या जागी शीड चढव, बसल्या जागी उतरव. पुढं जायलाच नको."

"मी कधी म्हटलं मला पुढं जायला नको?"

"तुझा गुडघा."

"माझा गुडघा मला घेऊन रोज बाजारात जातो नि येतो. गुडघ्याची तक्रार तुमच्याकडं कधी आली?"

"उन्हाळ्यात किती सुजला होता!"

"तो जिन्यावरून सुजला. मुलुंडच्या. त्या जिन्याला लावा कप्प्या."

हे हसले, पण रेघा काही पुसल्या नाहीत. तेवढ्यात बाबल होडकं घेऊन आला. बाबल मालंडकर म्हणजे आमच्या आळीतला फिटर, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. त्याच्या खांद्यावर ड्रिल आणि बॅटरी होती.

"वयनी, आता तुमका काय," त्यानंही तोंड उघडलंच, "खुर्चयेर बसान राज्य करूचा!"

"तू गप रे मेल्या. घावनं खा आणि काम कर."

त्या दिवसापासून काम सुरू झालं. मी रागावले होते, पण हात स्वस्थ बसवत नव्हते. भोकं पाडली की त्यातून पाणी झिरपू नये म्हणून भरपूर लांबी भरावी लागते. ती मीच भरली. जुने दोर काढताना टोकाला बारीक सुतळी बांधून ठेवावी लागते, नाही तर नवा दोर डोलकाठीच्या आतून परत वर न्यायला कुणाला तरी टोकापर्यंत चढावं लागतं. बाबल ते विसरणारच होता, मी ओरडले म्हणून वाचलो. मोठ्या शिडाला तांबडा दोर, पुढच्याला निळा, शीड आखडायला हिरवा, असे रंग मीच ठरवले. आणि एकेक दोर डोलकाठीवरून सुटून मागं येत होता. डोलकाठी बोडकी होत चालली होती.

खरं सांगायचं तर गुडघ्याच्या त्या कारणावर माझा विश्वासच नव्हता. मला वेगळीच शंका होती. एप्रिलमध्ये एकदा किल्ल्याच्या बाहेर शीड चढवताना ते अर्ध्यात अडकलं होतं. मी ओरडले, "थांबा, वळवू नका!" आणि यांनी होडी वळवली. अर्ध्या शिडात वारा घुसला, दोर माझ्या हातातून सरसरत गेला आणि तळवा सोलून निघाला. मागं आले तर हे माझ्यावरच उखडले.

"ओरडायचं नाही का?"

"बोंबलले की! अजून किती ओरडू?"

"नाही ओरडलीस."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

त्यावरून आमचा आठवडाभर अबोला. शेवटी हळदीचं दूध आणून यांनीच हातात दिलं, तेव्हा मिटलं. पण विषय काही मिटला नाही, हे मला आता कळत होतं. पुढं उभी असताना ही बाई चुकते, हिच्यावर भरवसा नाही, म्हणून मला मागं ओढून डोळ्यांसमोर बसवायचं चाललंय, असं माझ्या मनानं पक्कं घेतलं. धक्क्यावरून डोलकाठीपर्यंत पोचायला मला उभा जन्म लागला होता, आणि आता परत 'मागं बस'.

शेवटचा तांबडा दोर ओवायचा राहिला तेव्हा मी राग गिळला.

"अहो, ऐका ना. हा एक तरी राहू दे तिथं."

"कुठं?"

"डोलकाठीवर. बाकी सगळे न्या मागं. हा एक मला राहू दे."

यांनी हातातला पाना खाली ठेवला. "एक राहिला की तुला पुढं जावंच लागणार. मग या सगळ्याचा उपयोग काय?"

"मला जायचंच आहे हो पुढं! तुम्हाला कळत कसं नाही?"

त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. तरी म्हणाले, "नको कुंदा. माझ्यासाठी म्हण, पण नको." आणि दोर ओवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वायव्येचा वारा धरल्यावर आम्ही दोघंच चाचणीला निघालो. इंजिनावर खाडीतून बाहेर पडलो, किल्ल्याचा बुरूज मागं टाकला आणि यांनी होडीचं नाक वाऱ्यात धरलं. मी दाराशेजारच्या माझ्या नव्या जागी, उशीबिशी घेऊन. तांबड्या दोराचे वेढे विंचला घातले, हँडल बसवलं.

"चढव," हे म्हणाले. केवढे खूश होते! माझ्यापासून हातभर अंतरावर, उजवा कान माझ्याकडं.

चढवलं. सोपं होतं, खोटं कशाला बोलू. बसल्या जागी हँडल फिरवायचं, समोर टप, टपावरून सरकत येणारा दोर. वर बघायचं तर मान मोडते. शीड चढतंय की नाही ते दोराच्या ताणावरून ओळखायचं. गिरणीत दळण दळल्यासारखं मी ते हँडल फिरवत होते आणि मला रडू येत होतं.

शीड वर पोचायला थोडं राहिलं आणि दोर अडला. हँडल हलेना. पुढं वाकून बघते तर डोलकाठीच्या बुडाशी, नव्या कप्पीत, दोर चाकावरून उतरून चाक आणि पत्र्याच्या मधे जाऊन बसलेला.

"मी जातो," हे उठायला लागले.

"बसा! सुकाणू सोडून जाता कुठं?" आणि मी गेलेसुद्धा. गुडघ्यानं चकार शब्द काढला नाही. टपावरून, कठडा धरत, डोलकाठीपाशी. तिथं पोचल्यावर आधी डोलकाठीला हात लावला. माझ्या डोक्यावर शीड फडफडत होतं, तोंडावर वारा, पुढं सगळा समुद्र मोकळा. मला एवढं बरं वाटलं म्हणता! मनात म्हटलं, बघा, झाली ना गरज माझी?

दोर मोकळा करायला त्यातला ताण जायला हवा होता. मागचा चाप उघडून दोर थोडा सोडला की काम झालं. मी कप्पीत बोटं घालून तयार झाले आणि ओरडले, "आरिया!"

हे माझ्याकडं बघत होते. हलले नाहीत.

"आरिया! सोडा!"

त्यांनी सुकाणूचा दांडा मांडीत धरला, पुढं वाकले आणि हँडल फिरवलं. सोडायचं सोडून ओढलं! दोर आवळला, मी बोट काढलं म्हणून राहिलं.

तोंडात शिवी आली होती. मान वळवून बघितलं तर त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. परीक्षेत पेपर न आलेल्या मुलाचे असतात तसे. 

मी मुद्दाम तोंड फिरवलं. पाठ त्यांच्याकडं, तोंड समुद्राकडं. आणि जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, त्यानंतर नाही.

"भालचंद्र!"

छाती फुटेस्तोवर ओरडले. वारा समोरून येत होता, माझ्याकडून थेट त्यांच्याकडं जात होता. वळले तर त्यांच्या मागून बऱ्याच अंतरावर एक मासेमारीची होडी खाडीकडं चालली होती. त्यावरच्या माणसानं उभं राहून आमच्याकडं बघितलं. बायकोनं नवऱ्याला नावानं हाक मारली होती. परक्या होडीवर पोचली. आणि हे तसेच, चेहऱ्यावर रेघ हललेली नाही, माझं तोंड परत कधी दिसतंय याची वाट बघत बसलेले.

मग मी काही ओरडले नाही. हाताचा पंजा पालथा करून हळूहळू खाली नेला. लगेच त्यांनी चाप उघडला. मी दोर चाकावर बसवला, पंजा वर केला, त्यांनी चढवलं. शीड टोकाला पोचलं तेव्हा 'चढलं' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

मागं येऊन बसले. यांनी होडी वळवली, इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं, नुसतं पाणी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"कान."

ते शिडाकडं बघत राहिले. म्हणाले, "डावा कधीच गेला. उजव्यात येतं, जवळून बोललीस तर. लांबून नाही. वाऱ्यात तर मुळीच नाही. डॉक्टर म्हणाले इंजिनरूमचं देणं आहे. उजवाही जाणार."

"आणि मला कोण सांगणार होतं?"

"घरात चाललं होतं की."

घरात चाललं होतं! टीव्ही मोठा लावायचे, मी म्हणायचे पुरुषांची खोड. मी चार वाक्यं बोलले की 'हं' म्हणायचे, मी म्हणायचे, कुठल्या घरात नवरा बायकोचं ऐकतो? मी रोज डोळ्यांनी बघत होते आणि मला एक अक्षर कळलं नव्हतं.

"एप्रिलमध्ये तू ओरडली होतीस," हे म्हणाले.

"हो."

"मला ते आलंच नाही. तुझ्या हाताचं रक्त बघितलं आणि काळजाचं पाणी झालं. आणि वर तुझ्यावरच उखडलो."

"मग गुडघ्याचं नाव कशाला पुढं केलंत हो? किती राग राग केला मी तुमचा! मला वाटलं माझ्यावर भरवसा नाही."

"भरवसा?" ते माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे भरले होते. तसे मी फक्त त्यांची आई गेली तेव्हा बघितले होते. "तू पुढं उभी राहिलीस की मला पाठमोरी दिसतेस. ओरडतेयस की गप आहेस तेही कळत नाही. पूर्वी ती तुझी आरोळी आली ना, की मला वाटायचं, चला, आता निघालो. एवढी वर्षं जहाजावर तुझा आवाज नव्हता. पत्रं असायची, त्यांना काय आवाज असतो? म्हटलं, आता थोडे दिवस राहिलेत, तर तो लांबून वाऱ्यावर कशाला सांडायचा? म्हणून तुला जवळ आणली. दोरांचं काय, निमित्त."

मी त्यांच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या हातावर हात ठेवला आणि रडले. रडता रडता हसूही आलं, कारण नाक पुसायला जवळ फक्त तेलाचं फडकं होतं.

"तुला हवं तर उद्या तांबडा दोर परत डोलकाठीवर नेतो," थोड्या वेळानं हे म्हणाले. "खुणा ठरवू. आता तू केलीस तशी, हाताची. चालेल मला."

मी डोलकाठीकडं बघितलं. मला तिथं जायचं होतं. देवाशपथ सांगते, त्या क्षणीही जायचं होतं, आणि आज एवढ्या वर्षांनी, गुडघा खरोखरच कामातून गेल्यावरही, मला तिथंच उभं राहावंसं वाटतं.

"नको," मी म्हटलं. "राहू दे इथंच." आणि उशी उचलून त्यांच्या उजव्या बाजूला सरकले.

"मग बोल काहीतरी," हे म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. अजून येतंय तोवर."

आता बघा, माझ्यासारख्या बाईला बोल म्हणायची कधी कुणाला पाळी आली नाही. आणि त्या दिवशी मला काही सुचेना. मग म्हटलं, बाबल घावनं किती खातो! सगळा डबा संपवला मेल्यानं, तुमच्यासाठी एक ठेवलं नाही. हे हसले. मग सुरमईचा भाव सांगितला. मग धाकट्या सुनेनं फोनवर काय काय ऐकवलं ते, आणि त्यावर मी काय ऐकवलं ते. लहानपणी वाशाला दोरी बांधून ओरडायची तेही सांगितलं, ते त्यांना इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. मधेच वारा वाढला की मी त्यांच्या कानाशी तोंड न्यायची. ऊन उतरत आलं, किल्ल्याचा बुरूज जवळ आला, खाडीचं तोंड दिसायला लागलं. मी तांबड्या दोराच्या चापावर हात ठेवला.

"उतरवू ना शीड? पोचलो."

यांनी सुकाणूचा दांडा लोटला. होडीचं नाक खाडीवरून फिरलं आणि परत समुद्राकडं लागलं.

"अहो, कुठं निघालात? घर मागं राहिलं."

"राहू दे," हे म्हणाले. "तुझं बोलून कुठं झालंय अजून?"